यंत्र चालू आहे

६ जानेवारी

मागच्या खोलीच्या भिंतींना आज गोधड्या ठोकल्या. माझ्याच गोधड्या! धाकटी म्हणाली, "आई, आवाज बाहेर जायला नको." बाहेर जायला नको तर काढता कशाला, म्हटलं. हसली नाही.

तिघांचा बँड आहे. लेक गाते, म्हणजे किंचाळते. एक किडकिडीत गृहस्थ कसकसल्या यंत्रांचे आवाज पट्ट्यांवर बसवून वाजवतो. त्याला मी तोंडावर हाडक्या म्हणते. तिसरा कानांवर डबे चढवून एकेक आवाज कापत बसतो. तो कानसेन. पहिला अल्बम काढताहेत. नाव 'यंत्र चालू आहे'.

ह्यांची लोखंडी खाट हलवली नाही. ऑक्सिजनचं यंत्रही तिथंच. ह्यांना जाऊन वर्ष होईल, ते विकायचं राहूनच गेलं. आता ते ह्या तिघांचं वाद्य! दिवसभर सुरू असतं. रिकाम्या खाटेला हवा देतं.

९ जानेवारी

वन्सं येऊन गेल्या. भिंतीपलीकडे धाडधाड सुरू झालं तशा दचकल्या. "वहिनी, हे गाणं म्हणायचं की खडी फोडायचं मशीन?" मग नेहमीसारखे डोळे पुसले. "दादाचं एक बरं झालं बघा. गोष्टीचा शेवट ऐकला आणि मगच गेला."

झालंच तसं. शेवटच्या महिन्यांत मी ह्यांना एक जाडजूड पुस्तक वाचून दाखवायची. माझी शाळा चौथीत सुटली. वाचन मी पुढे लायब्ररीच्या फाटक्या पुस्तकांवर शिकले, त्यामुळे मोठ्यानं वाचायची लाज वाटे. हे म्हणायचे, अडखळ, पण वाच. समुद्राकाठच्या बंगल्यात खून झालेला. ह्यांचं पहिल्या दिवसापासून एकच — "डॉक्टरनंच केलाय. फार गोड बोलतो." मी म्हणे, दिवाणजी. पैज लागली. हरेल त्यानं महिनाभर दुसऱ्याचं ऐकायचं. "जन्मभर ऐकतोय, त्यात आणखी एक महिना!"

पुढे बोलायचं त्राण राहिलं नाही. मग हुंकाराऐवजी अंगठी खाटेच्या दांडीवर वाजवायचे. टिक. म्हणजे ऐकतोय, पुढे वाच.

खुनी डॉक्टरच निघाला. मी पुस्तक मिटलं, म्हटलं, जिंकलात! वर बघते तर गेलेले. चेहरा शांत.

त्या शांत चेहऱ्यावर मी वर्ष काढलं.

१० जानेवारी

भाजी करपली. मन थाऱ्यावर नाही.

१५ जानेवारी

गाण्यांचे कागद टेबलावर पडले होते. वाचले. 'नळीतून येतो तो श्वास कुणाचा, भिंतीत बसला तो कान कुणाचा.' सगळं काळंकुट्ट. पण खोटं नाही. धाकटीला म्हटलं, शब्द चांगलेत, मग किंचाळतेस कशाला? म्हणाली, "हळू म्हटलं की रडू येतं."

१८ जानेवारी

कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडे टिक. पुन्हा टिक. त्या सगळ्या धडधडीच्या पोटात, बारीक, लोखंडी. माझ्या पाठीला आधी कळलं, डोक्याला मागाहून. तशीच गेले, दार लोटलं.

"तो ठोका कशाचा?"

"खाटेचा, काकू." कानसेन बोलला, पण बघत होता जमिनीकडे.

"अंगठीशिवाय तसा वाजत नाही."

धाकटीचा चेहरा पांढराफटक.

१९ जानेवारी

तिनं सांगितलं. यंत्राचा आवाज हवा म्हणून ह्यांच्या शेवटच्या दिवसांत ती रेकॉर्डर खाटेखाली ठेवायची. स्वतः औषधं आणायला जायची, रेकॉर्डर चालूच. त्यात यंत्र आहे, ह्यांची अंगठी आहे, माझं वाचन आहे. सगळा अल्बम त्या टिकवर उभा केलाय.

मी रागवायला तोंड उघडलं आणि म्हटलं काय, तर "लाव." एकेक गाणं ऐकवलं. कान फुटायची वेळ आली, पण मधूनमधून हे खाटेवर! शेवटचं गाणं तेवढं लावलं नाही. "अजून झालं नाहीये, आई."

खोटं बोलताना ती लहानपणापासून कोपर खाजवते.

२३ जानेवारी

हाडक्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि बोलून गेला, "काकू, शेवटच्या गाण्याशिवाय बाकीच्यांना काही अर्थच—" आतून धाकटी ओरडली, "गप बस!" एवढी तर ती गाण्यातही ओरडत नाही.

म्हणजे हे गेले त्याच दिवसाचं आहे.

काय असेल? विव्हळले असतील? मला हाक मारली असेल, आणि मी आपली पुस्तकात डोकं खुपसून?

२४ जानेवारी

यंत्राजवळून जाताना कान झाकले. बंद होतं, तरी.

२७ जानेवारी

कानसेन भला माणूस. चपला घालता घालता म्हणाला, "काकू, विव्हळणं नाहीये त्यात. तेवढं सांगतो." मी विचारलंही नव्हतं. मग आहे काय, ते सांगेना.

विव्हळणं नाही, तर मग ही तिघं माझ्यापासून तोंड का लपवतात?

३० जानेवारी

धाकटीची गालफडं बसलीत. आज ताट पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, ते गाणं मला ऐकव.

"नको, आई. काढूनच टाकते. ह्या दोघांना तसं सांगितलंय."

"हे दोघं बँड सोडतील."

"सोडू देत."

"तू ऐकलंस ना ते? एकटीनं?"

कोपरही खाजवलं नाही. नुसती रडली. पाळण्यातल्यासारखी.

काय असेल ते असो. ते तिच्या एकटीच्या उरावर बसलंय, हे मला चालणार नाही. सकाळी ऐकायचं ठरलं. मला भीती वाटतेय, हे इथंच लिहून ठेवते.

३१ जानेवारी

ऐकलं.

यंत्र. टिक. माझा आवाज, अडखळत. बंगल्यात दिवे जातात तिथं एक टिक — बारीक. ती शेवटची. डॉक्टर अजून जिनाही चढलेला नाही. मी वाचतेय. पानं उलटताहेत. यंत्र चालू आहे. मी एकदाही थांबत नाही, गोष्ट रंगात आली होती ना! खुनी कोण, ते ह्यांना कळलंच नाही. आणि मग माझाच आवाज, हसरा — जिंकलात!

तिथं गाणं तुटतं.

धाकटी म्हणाली, "काढू ना, आई?"

नको म्हटलं. फक्त 'जिंकलात'नंतर लगेच तोडू नकोस. यंत्र थोडा वेळ चालू दे. तिथं मी अजून वर बघितलेलं नाही.