मशीन माझं

ता. ४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. दिवसभर लोकांच्या छातीचे एक्स-रे काढतोस, एकदा स्वतःचाही काढून घे.

आता खरी बातमी, बसून वाच. काल दुकानात एका हॉस्पिटलचा मॅनेजर आला. रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात सभा आहे, माइक-स्पीकर सगळं तुमचंच हवं, म्हणाला. सरकार सर्वांना मोफत उपचारांचा कायदा आणतंय ना, त्याविरुद्ध खासगी हॉस्पिटलवाल्यांची सभा. मुख्य वक्ता कोण, माहीत आहे? तोच मोठा डॉक्टर.

तुझ्या भाऊजींच्या छातीत कळ आली तेव्हा त्याच्याच दारात नेलं होतं. आगाऊ रक्कम भरल्याशिवाय आत घेणार नाही, असं काउंटरवरच्या बाईनं सांगितलं. हा तिथूनच चालला होता. मी त्याचे पाय धरले. नियम सगळ्यांना सारखे, म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला. मी उसनेपासने करून परतले तोवर हे बाहेरच्या बाकावरच गेले होते.

ऑर्डर घेतली आहे. ऐन भाषणात वायर कापायची की त्याच्या टाळक्यावर कर्णा पाडायचा, एवढंच ठरायचं आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ता. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझा राग मला ठाऊक आहे. लहानपणी माझा पतंग फाडलास तो फक्त मी हसलो म्हणून.

वायर कापू नकोस. लोक म्हणतील मशीन बिघडलं, हसतील, आणि उद्यापासून तुला कोणी बोलावणार नाही. त्याचं काय जाणार आहे? आणि ताई, राग मानू नकोस, पण तो बोलतो ते सगळंच खोटं नाही. आमच्या सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोघे झोपतात. कायदा आला की गर्दी दुप्पट होईल, औषधं कुठून येणार ते कोणी सांगत नाही. भाऊजी इथे आले असते तरी वाचलेच असते, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

शांत राहा. जेवत जा. आणि मला उलट टपाली कळव.

तुझा धाकटा

ता. १२ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं. वायर कापली नाही. उलट जन्मात लावला नसेल इतका सुरेख आवाज लावला. बाहेर चौकातही दोन कर्णे बांधले, माझ्या खर्चानं.

डॉक्टर रंगात आला. सरकारी उपचार म्हणजे भिकेची रांग, म्हणाला. मग म्हणाला, आमच्या दारातून पैशावाचून एकही रुग्ण कधी परत गेला नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मी माझ्या जागेवरूनच दुसरा माइक उघडला. सावकाश विचारलं, की बाकावर मेलेला माणूस परत गेला असं धरायचं की नाही? यांचं नाव सांगितलं. लिफ्टची गोष्ट सांगितली. त्याला ओळख पटली ते मला दिसलं, भाऊ. चेहरा पडताना दिसला. त्यासाठी मी तीन वर्षं जगले.

मॅनेजर माइक बंद करा म्हणून ओरडू लागला. बंद करणार कोण? मशीन माझं! डॉक्टरचाच माइक तेवढा बंद केला. तो ओठ हलवत राहिला, माशासारखा. मग मागून एक गवंडी उठला, आपल्या बायकोचं सांगायला. त्याच्यामागे एक शिक्षिका. चौकातून ऐकून लोक आत येत होते.

क्षमा वगैरे माझ्या मनात आली नाही. घरी येऊन पोटभर जेवले.

तुझी ताई

ता. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कायदा झाला. मोठ्या डॉक्टरला त्याच्याच संघटनेनं अध्यक्षपदावरून काढलं, ते वर्तमानपत्रात वाचलं. तुला पेढे म्हणून काही पाठवणार होतो, पण मन लागत नाही.

आमच्या दारावर मोफत उपचाराची भलीमोठी पाटी लागली. आत एक्स-रेच्या फिल्म नाहीत. काल एका म्हाताऱ्या शिंपिणीला मीच एक्स-रे बाहेरून काढून आणायला सांगितलं. तिनं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चालू लागली. आज सकाळी तिचा मुलगा सांगायला आला की ती गेली. भांडला असता तर बरं झालं असतं. साहेबांना फिल्मचं विचारलं, तर कागदोपत्री भरपूर आहेत, म्हणाले.

येत्या गुरुवारी आरोग्यमंत्री आमच्या दवाखान्याचं कौतुक करायला येणार आहेत. साहेबांनी माइकची व्यवस्था माझ्याकडे सोपवली आहे. तू मशीन घेऊन ये. तुला शांत राहा म्हणून लिहिणारा मीच, ते विसर.

फक्त या वेळी तू बोलायचं नाहीस, माइकवर मी बोलणार. नोकरी जाईल हे मला कळतं, बायकोलाही सांगितलं आहे. पहिल्या रांगेसमोर मी उभा राहणार, दवाखान्याच्या गणवेशात, आणि त्या बाईच्या मुलाला शेजारी घेऊन.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझा धाकटा