बाबांची पगारवाढ

बाबा,

‘तीर्थरूप’ लिहायला हात वळत नाही, तेव्हा एवढ्यावरच भागवा.

तुम्हाला पगारवाढ मिळाल्याचं मला शिष्यवृत्तीच्या खिडकीवर कळलं. अभिनंदन! त्या वाढीनेच आपलं ‘कौटुंबिक उत्पन्न’ मर्यादेच्या जरासं वर गेलं आणि एम.एस्सी.साठीचा माझा अर्ज बाद झाला.

मी खिडकीतल्या बाईंना म्हटलं, “ते कधीच घर सोडून गेलेत हो. आई दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यावर आम्ही जगतो.”

“घटस्फोट नाही ना झालेला? मग पगार धरावाच लागतो. नाहीतर ते तुम्हाला पोसत नाहीत, असं त्यांच्याकडून लिहून आणा.”

म्हणून इतक्या वर्षांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात? “असं लिहून दिलं तर माझी काय अब्रू राहील?”

पोसत नाही याची लाज वाटली नाही, लिहून द्यायची मात्र वाटली!

आई फीसाठी डॉक्टरीणबाईंकडे उचल मागायला निघाली होती. आधीचीच उचल अजून फिटलेली नाही, म्हणून मीच तिला दारातून मागे ओढलं. प्रवेशाची मुदत काल संपली.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर चारचौघांत मिरवून म्हणाल, “बघा, लेक अजून मला पत्रं लिहिते.”

फक्त कागदोपत्री तुमची,
मुलगी