गोंद वाळेपर्यंत

२ मार्च

आलो एकदाचे! टेम्पोवाल्याने सामान उतरवलं म्हणण्यापेक्षा आपटलं. पण बाबांच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायची त्याची टाप नव्हती. ती पत्र्याची पेटी बाबा वाटभर मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, लेकीला कधी एवढा वेळ मांडीवर घेतलं नाहीत. तर म्हणाले, लेक एवढी गुपचूप बसली कधी?

खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीला चांगली रुंद खिडकी आहे आणि दुपार टळेपर्यंत ऊन येतं. बाबांनी आल्या आल्या खिडकीशी खुर्ची लावून घेतली. खुर्ची, स्टूल, टेबल सगळं त्यांच्याच हातचं. हात थरथरायला लागले आणि सुतारकाम सुटलं, मिजास काही सुटली नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. भांडायला तेवढं मनुष्यबळ पुरतं.

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात, मीही म्हणते. बुटक्या, बोलक्या, पदराला कायम गोंद लागलेला. आइस्क्रीमच्या काड्या असतात ना, तसल्या कोऱ्या काड्यांची पोतीच्या पोती येतात त्यांच्याकडे. त्यातून घरात मांडायच्या इवल्याशा वस्तू करायच्या. बोटभर शिडी, काडेपेटीत मावेल असं कपाट, झोपाळा, खिडकीची झडपं. नोकरी तीच आणि राहायला जागाही त्यांचीच, आणखी काय हवं! बाबा म्हणाले, बापाने जन्मभर ओंडके कापले, लेक आता काड्या कापणार.

काचेच्या कपाटात एक वस्तू मात्र विकायची नाही. छोट्याशा आरामखुर्चीत बसलेला काडीचा माणूस, त्याला डावा हात नाही. काकू त्याच्यावरची धूळ पिसाने झाडत होत्या. तुमचे यजमान काय करतात म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आमचे हे दुकानातच असतात. मला तर कोणी दिसलं नाही. असतील मागे कुठेतरी.

६ मार्च

काम झकास आहे. काडी वाकवायची तर गरम पाण्यात भिजवायची आणि वाटीभोवती वळवून कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. गोल टोकं कापायची, पॉलिश पेपर मारायचा. जुनं दिसायला हवं असेल तर चहाचं पाणी फिरवायचं. गोंद टोचणीच्या टोकाने लावायचा. पांढरा आहे तोवर चूक सुधारता येते, हळूच ओढलं की सांधा सुटतो. काचेसारखा आरपार झाला की संपलं, मग काडी तुटेल पण सांधा सुटणार नाही. हे काकूंनी मला इतक्यांदा सांगितलं की झोपेत विचारलं तरी सांगेन.

काकूंचं एक खूळ आहे. दुकानात पट्टी नाही, टेप नाही, मोजायचं काही म्हणजे काही नाही. माझ्या पिशवीतली पट्टी त्यांनी काढून घेतली आणि फडताळात टाकली. म्हणाल्या, नजरेनं कर गं, थोडं वाकडंच गोड दिसतं. का, विचारलं तर हसण्यावारी नेलं.

हे घरी सांगितलं आणि बाबांचा पारा चढला. अंदाज म्हणजे आळशाचं माप, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते शाळेतल्या प्रार्थनेआधी पाठ होतं. गोंदाचं ऐकून तर म्हणाले, तुझ्या काकूंना सांग, घाई कशाला करता? ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा, आठवडा गेला तरी सांधा ओला राहतो, सवडीने गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणा. मिस्त्री ते मिस्त्रीच.

११ मार्च

खरं सांगू? वाकडं काम करून माझ्या हाताला खाज सुटते. म्हणून घरी फावल्या वेळात आमचीच खोली करायला घेतली, अगदी मापात. फुटाला अर्धा इंच. बाबांचा टेप, बाबांची देखरेख. मी टेप धरते, ते चष्म्यातून बघून आकडा ओरडतात, आणि मी कानात बोळे घातल्यासारखी परत परत विचारते म्हणून शिव्या देतात. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा खणखणीत ऐकला. स्टूल झालं, टेबल झालं. खुर्चीच्या पाठीचा बाकसुद्धा हुबेहूब आला. खिडकीत मांडून बघितलं आणि आमच्या दोघांच्या तोंडून एकदमच वा निघालं.

१४ मार्च

बाबा म्हणाले, रिकामी खुर्ची म्हणजे अर्धं काम, माझंही माप घे. मग काय, टेप घेऊन मापली स्वारी. गुडघ्यापासून टाच, खांद्यापासून मनगट. पोटाचा घेर घेताना श्वास ओढून धरत होते, लबाड कुठले! काड्या गरम पाण्यात मऊ करून गुडघ्यात वळवल्या. डोक्याला काडीचं गोल टोक. एवढ्याशा टोकावर नाकडोळे कुठून काढू, तसंच कोरं ठेवलं. पण बसण्याची ढब बघाल तर बाबाच.

त्यांनीही माझ्याकडून मूठभर काड्या मागून घेतल्या. मी दुकानात असताना काहीतरी ठोकठोक चाललेली असते. मी आले की घाईघाईने पेटीत. मी सांगेपर्यंत पेटीला हात लावायचा नाही, अशी तंबी मिळाली आहे. थरथरत्या हातांनी काय करतात कोण जाणे. करू देत, रमलेत बिचारे.

१६ मार्च

आज स्टूल मोडलं. बाबा पाय ठेवायला गेले आणि कडकन एक पाय गेला. लागलं नाही, पण मोडलेला पाय हातात घेऊन ते कितीतरी वेळ बघत बसले. मीही बघितलं. आत चपट्या काड्या होत्या. गोल टोकांच्या, एकावर एक गोंदाने चिकटवलेल्या. बाबांनी ते स्टूल अखंड लाकडातून केलं होतं, मी लहानपणी शेजारी बसून भुसा उडवला आहे. हे लाकूड माझं नाही, एवढंच बोलले.

संध्याकाळी म्हणाले, दिवा लाव, अंधारून आलंय. बाहेर लख्ख ऊन होतं.

१७ मार्च

सकाळी बाबांना दिसेनासं झालं. दुपारी आवाज गेला. गुडघे खुर्चीत बसल्यासारखे वाकले आहेत ते सरळ होत नाहीत. रिक्षातही तसंच उचलून ठेवावं लागलं. डॉक्टरांनी नाना तपासण्या केल्या, सगळं ठीक म्हणे, आणि वर वयोमानाचं सांगितलं. वयोमान तीन दिवसांपूर्वी कुठे गेलं होतं? तेव्हा हा माणूस पोट आत ओढून उभा होता!

मोडलेलं स्टूल डोळ्यांपुढून जात नाही. उद्या काकूंना सगळं दाखवते.

१८ मार्च

काकूंनी ती छोटी खुर्ची तळहातावर घेतली आणि उजेडात नेली. माप घेतलं होतंस का, विचारलं. मी हो म्हटलं. मग गुडघ्याच्या सांध्यावर नख फिरवलं. गोंद आरपार झालेला. कालपर्यंत आली असतीस तर सुटला असता, म्हणाल्या.

काल मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते.

मग त्यांनी त्यांच्या ह्यांचं सांगितलं. काकूंनीच हौसेने त्यांना मापून काड्यांत केलं होतं. ते दिवसेंदिवस वाळत गेले, हलके होत गेले, आणि एका सकाळी खुर्ची रिकामी. तेव्हापासून कपाटात आहेत. सोडवायला म्हणून काकूंनी एक सांधा ओढला होता, तो डावा हात. ते किंचाळले नाहीत, कारण तोंड केलेलं नव्हतं, असं म्हणाल्या.

मी नको नको ते बोलले. आधी का सांगितलं नाहीत म्हणून ओरडले. सांगितलं असतं तर तू हसली असतीस, म्हणाल्या. हसलेच असते. नजरेने केलेल्याला काही होत नाही, मापात आलेल्यालाच होतं, एवढं त्यांना कळलंय. बाकी त्यांनाही काही ठाऊक नाही.

१९ मार्च

हातावर हात धरून मला बसवत नाही. दुकानात बसून बारीक टोकाचं पेन घेऊन छोट्या बाबांच्या कोऱ्या तोंडावर दोन डोळे काढले. वर येऊन बघते तर बाबांना दिसायला लागलं! मी रडले, त्यांचे हात धरून नाचले. मग लक्षात आलं, पापण्या मिटत नाहीत. बुबुळं तेवढी हलतात.

ते एकसारखे पेटीकडे बघतात. पेटीकडे, मग माझ्याकडे, मग परत पेटीकडे. हत्यारं जवळ हवी असतील. पेटी त्यांच्या पायाशी आणून ठेवली, तरी तेच.

२१ मार्च

तोंड काढलं. काढायला नको होतं. सरळ रेघ मारायची होती, हात हलला, टोकं वर गेली.

बाबा हसताहेत. सकाळपासून. ओठ उघडत नाहीत, घोटभर पाणी जात नाही. हसताहेत आणि डोळ्यांतून धारा लागल्या आहेत. पुसून पुसून माझा पदर ओला झाला. रेघ खरवडायला पातं घेतलं आणि खाली ठेवलं. ती रेघ आता कुणाच्या अंगावर आहे, मला कळेना.

२३ मार्च

त्यांना उचलून गादीवर ठेवलं. एका हाताने उचलले गेले. माझे बाबा, एका हाताने.

खिडकी बंद केली. वाऱ्याची भीती वाटते.

मला काही करता येत नाही. काही म्हणजे काही नाही. देवा, कुणीतरी सांगा काय करू.

२४ मार्च

खुर्चीतच बसवलं परत. गादीवर नीट राहत नव्हते.

अजून पेटीकडेच बघतात. म्हटलं, उघडू का? बुबुळं गरागरा फिरली. हो म्हणताहेत असं वाटतं. उद्या काकू काड्या आणायला बाहेरगावी जाणार, दुकान बंद. उद्या उघडते.

२५ मार्च, सकाळी

पेटी उघडली. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काय होतं? मी! काड्यांची मी. उभी, मान जराशी कलती, कंबरेवर एक हात. भांडायला उभी राहते तश्शी. थरथरत्या हातांनी केलंय हे. तोंड नाही, डोळे नाहीत, बोटं करायची राहिली आहेत. खांद्याशी गोंद ओला, पांढरा.

मला बाबांनी कधी टेप लावला नाही. नजरेनेच केलं. नजरेच्या कामाला भीती नाही, काकूंनीच सांगितलं होतं.

छोट्या बाबांच्या शेजारी खिडकीत उभी केली, उन्हात. एकटे वाटत होते.

बाबा हसताहेत. डोळे वाहताहेत. बुबुळं खिडकीकडे, माझ्याकडे, खिडकीकडे—

दुपारी

पेन सारखं निसटतंय. बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी. झोप नाही म्हणून असेल.

टेप लावून बघितला, आधी स्वतःला, मग काड्यांच्या मला, फुटाला अर्धा इंच धरून. टाच ते गुडघा. खांदा ते मनगट.

केसाचाही फरक नाही.

बाबांची नजर. जन्मभर टेपच्या आधी नजर आकडा सांगायची. कसं विसरले मी.

ते पेटी उघड म्हणत नव्हते. उघडू नको म्हणत होते—

त्यानंतर

तिच्या खांद्याचा सांधा ओढायला गेले. बोटं नाहीत. तळहातात धरता येत नाही, दाताने धरावं तर ओठ उघडत नाहीत. फडकं ओलं करावं तर नळ फिरत नाही. हाक मारली. आवाज नाही. खाली दुकान बंद.

पेन दोन तळव्यांत धरलंय.

मला भीती वाटते. बाबांना सोडायचं नाहीये, पण असं नको. असं नको मला.

काकू, वर आलात तर आधी आमच्याकडे बघू नका. खिडकीत जा. खांद्याचा सांधा बघा. पांढरा असेल तर ओढा, माझा विचार न करता ओढा. आरपार झाला असेल तर हात लावू नका, बाबांजवळ ठेवा—

अंधारून येतंय. ऊन अंगाला लागतंय, तरी अंधार.

वाकून बघतेय. अगदी जवळून. गोंद अजून पांढरा आहे का, मला दिस—