सांग तुझ्या आबांस्नी

आई, काल तुझ्या धाकट्या दिराशी मी कडाक्याचं भांडले. काका ऐंशीच्या घरात आले तरी आवाज तसाच आहे, फोन कानापासून लांब धरावा लागतो. गावात आबांच्या नावानं कमान उभी राहतेय, त्यानिमित्त स्मरणिका काढायची ठरलं. सांगलीत माझं छपाईचं दुकान, म्हणून काम आपसूक माझ्याकडे आलं. काकांनी मेढ्याहून जुन्या कॅसेटी पाठवल्या. त्याच, ज्यांच्या एका बाजूला सीमेवरून आबा बोलायचे आणि दुसऱ्या बाजूवर घरची माणसं बोलून त्या परत पाठवायची. तुला पत्र वाचता येत नव्हतं, म्हणून तर टेपरेकॉर्डर आला होता घरात. तरी बघ, मी पत्रच लिहितेय. काकांचा हुकूम होता, "दादाची बाजू तेवढी उतरून काढ. दुसरीकडं नुसता बायकापोरांचा कालवा हाय."

मी दोन्ही बाजू उतरवल्या. आता संगणकात तसा प्रोग्रॅम असतो. कॅसेटचा आवाज त्यात घालायचा, चहा होईस्तोवर लिहिलेली पानं तयार. वर बोलणारी माणसंही वेगवेगळी करून देतो, वक्ता एक, वक्ता दोन. थोडा बावळट आहे. आपल्या कोंबड्याला त्यानं वक्ता पाच केलं, आणि तुझ्या बोलीपुढं त्याची भंबेरी उडाली, ती मी कान लावून दुरुस्त केली. पण घरात कोणाच्या शब्दाला वजन आणि कोणाच्या नाही, हे त्याला ठाऊक नाही, आणि याच गोष्टीसाठी मला तो आवडला. आपल्याकडे आधी आजोबा बोलायचे, मग काका, आणि टेप संपत आली की चुलीपुढून तू. प्रोग्रॅमनं तुला आजोबांएवढ्याच अक्षरात छापलं.

सासऱ्यासमोर नवऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती, मग नवरा पार काश्मिरात का असेना. तू मला जवळ ओढतेस आणि म्हणतेस, "सांग तुझ्या आबांस्नी, म्हस याली." मी टेपपाशी तोंड नेऊन ओरडते, "आबा, म्हस याली!" एकदा मी माझंच जोडलं, "आबा, आई रडती." तू असा चिमटा काढलास की वळ उठला. "म्या सांगितलं त्येवढंच सांगायचं. पदरचं घालायचं न्हाई." आई, मी आजवर या धंद्यात टिकले ती त्या चिमट्यावर.

तर भांडण झालं ते माझी चौथी झाली त्या उन्हाळ्यातल्या कॅसेटवरून. आजोबा म्हणतात, पोरीची शाळा बास झाली. काका म्हणतात, "व्हय दादा, लय झालं." आणि मग तू, सगळ्यांदेखत. "सांग तुझ्या आबांस्नी, तुला साताऱ्याला मावशीकडं ठिवून शिकवणार हाय. इचारत न्हाई, सांगतीया." मी कापऱ्या आवाजात म्हणते, "आबा, मी साताऱ्याला जाणार. आई इचारत न्हाई, सांगतीया." यापुढं प्रोग्रॅमनं नुसतं 'शांतता' असं लिहिलंय. पुढच्या कॅसेटमध्ये आबा म्हणतात, घरी ठरलं असेल तसं करा. आणि काकांनी स्मरणिकेला लिहून पाठवलंय काय, तर सुभेदारांनी दूरदृष्टीनं लेकीला साताऱ्यास शिकायला ठेवलं!

मी म्हटलं, "काका, कमान आबांची, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझी शाळा आईची आहे. तिची बाजू छापणार."

"घरातलं चव्हाट्यावर कशाला आणतीस गं?"

"आबांचं आणलं तेही घरातलंच होतं."

"मग दुसरीकडनं छापून घिऊ आमी."

"घ्या. कॅसेटी माझ्याकडे आहेत."

काकांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "निदान माझं त्येवढं गाळ. 'लय झालं' म्हनलेलं." मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, "एक शब्द गाळणार नाही. बोललात ते छापणार." आणि फोन ठेवला. आज सकाळपासून मशीन चालू आहे. आबांच्या पानासमोर तुझं पान येतं, ओळीला ओळ.

तुला म्हणून सांगते, एक ओळ मी गाळली. त्याच कॅसेटच्या अगदी शेवटी. सगळे उठून गेलेत, मीही अंगणात पळाले असणार, कारण माझा आवाज नाही. टेप बंद करायला तू जवळ येतेस आणि म्हणतेस, "आवं, ऐकताय न्हवं? आज म्या एकटीच बोलली. लय भ्या वाटतंय. तुमीच या." काकांना एवढं ठणकावलं, आणि ही ओळ माझ्याच हातानं काढून ठेवली. ती सांगायला तू मला सांगितलं नव्हतंस.