भिंतीतलं पाणी आणि माझा कान

तीर्थरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (परवापासून कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढी पोचवतो, बाकीची तू मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हणून बजावलंय आणि तू दिवसातून चारदा गच्चीवर जातेस, हे शेजारच्या काकूंकडून कळतं. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारतो. इकडे सगळे खुशाल. ही मजेत आहे, म्हणजे माझ्यावर हसायला तिला रोज काहीतरी मिळतं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या गोष्टीत मुद्द्यावर यायला मलाच दोन दिवस लागले.

आमच्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांची दरवर्षी तीन दिवसांची परिषद भरते. यंदा संघटनेने ठरवलं, की प्रत्येक जुन्या खोडाला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी बांधून द्यायचा. विद्यार्थ्याला चारचौघांत वावरायला शिकवायचं, मोठ्या माणसांना ओळख कशी करून द्यावी, सभेत प्रश्न कसा विचारावा, वगैरे. माझं नाव मार्गदर्शकांच्या यादीत आलं तेव्हा मी ते पत्र जेवणाच्या टेबलावर सहज राहिल्यासारखं ठेवून दिलं. हिने वाचलं आणि म्हणाली, "समोरच्या बिऱ्हाडातले दिसले की तुम्ही जिन्याखाली लपता. तुम्ही ओळख करून द्यायला शिकवणार?" अशा बोलण्याकडे मी हल्ली लक्ष देत नाही.

माझ्या वाट्याला आली एक मुलगी. अंगाने काडी, पाठीवरची बॅग तिच्याहून जड. "हो", "नाही" आणि "बघते" या तीन शब्दांवर ती आख्खा दिवस काढते. पूर्वी तार करताना शब्दागणिक पैसे पडायचे तसे या मुलीला बोलताना पडत असावेत, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव 'तार' ठेवलं. पहिल्या दिवशी म्हटलं, बघ, ओळख अशी करून द्यायची. परिषदेच्या हॉटेलात मोठ्या हॉलच्या दाराशी एक भारदस्त गृहस्थ काळ्या कोटात उभे होते. मी पुढे होऊन हात मिळवला आणि माझी एकतीस वर्षांची नोकरी, तीन धरणं, सोळा पंपघरं असं सगळं क्रमवार सांगितलं. गृहस्थ फार अदबीने ऐकत होते. मध्ये दोनदा काही बोलूही पाहत होते, पण मी भरात होतो. शेवटी तारेने माझी बाही ओढली आणि म्हणाली, "सर, त्यांना टेबल लावायचंय." ते हॉटेलचे वाढपी होते. चहाची टेबलं ठेवायच्या नेमक्या जागेवर मी उभा होतो.

आता एका काठीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. जमिनीखालचा नळ कुठे गळतोय ते शोधायला आमच्याकडे एक पोलादी कांब असते, वरच्या टोकाला लाकडी वाटी. कांब जमिनीला टेकवायची, वाटी कानाला लावायची, की आतल्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. हल्ली यंत्रं आली आहेत, तरी आमच्या खात्यात अजून माझ्या कानावर भरवसा ठेवतात. मी "इथे कोरडं आहे" म्हटलं की तिथे कुदळ पडत नाही. परिषदेत याच विषयावर माझं सात मिनिटांचं भाषण होतं, म्हणून काठी बरोबर नेली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तारेने विचारलं, "बघू?" मी काठी दिली. ती हॉलच्या भिंतीला काठी टेकवत टेकवत चालली आणि स्टेजच्या अलीकडे एकदम थबकली. म्हणाली, "पाणी." मी कान लावला. काही नाही. म्हटलं, एसीचा आवाज असेल. "नाही." पुन्हा लावला, डोळे मिटून, श्वास रोखून. आत्या, स्मशानशांतता! मग मी तिला माझ्या कानाची कीर्ती थोडक्यात (म्हणजे दहा मिनिटं) सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि नंतर भिंतीवर पेन्सिलीने तीन खुणा केल्या. खुणा वर वर चढत स्टेजच्या मागे जात होत्या. स्टेजच्या मागे एक लोखंडी कपाट होतं, त्यावर कवटीचं चित्र. आख्ख्या हॉलची वीज तिथून यायची.

तेवढ्यात घंटा झाली, चारशे इंजिनिअर आत येऊन बसले आणि अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. हे अध्यक्ष म्हणजे माझ्या बढतीच्या कागदावर ज्यांची सही व्हायची आहे तेच. तार माझ्याकडे बघत होती. मी समोर बघत होतो. मग ती हळूच बोलली, आणि दोन दिवसांत प्रथमच एवढं लांब वाक्य बोलली. "सर, तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणजे पाणी नाही, असं नाही ना?"

त्या वाक्याने मला कुठे लागलं ते कसं सांगू? मी उठलो. आवाज उंदराचा. म्हणालो, "सर, पाणी..." अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, उत्तम प्रश्न, मी त्याच्याकडेच येत होतो. आणि त्यांनी पाण्याच्या भवितव्यावर सहा मिनिटं उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. आत्या, तुझ्यापासून काय लपवू, मी "धन्यवाद" म्हणून खाली बसलो.

मग ती उठली. मधल्या वाटेने सरळ स्टेजवर गेली, हातात माझी काठी. अध्यक्ष बाजूला सरकले (काठी बघून सरकले असावेत). माइकमध्ये ती शांतपणे म्हणाली, "भिंतीत पाणी आहे. मागे विजेचं कपाट आहे. सगळे बाहेर चला." चारशे इंजिनिअर जागचे हलले नाहीत. पाणी असू शकतं का यावर चर्चा सुरू झाली, एकाने तर समिती नेमावी असंही सुचवलं. सुदैवाने हॉटेलचा वायरमन इंजिनिअर नव्हता. त्याने धावत जाऊन ते कपाट उघडलं, आत बघून एक शिवी हासडली आणि मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला, माइक बंद पडला, तरी अध्यक्ष अंदाजे मिनिटभर बोलत होते. टॉर्च लावून भिंत फोडली. नळाच्या जोडाला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून धुक्यासारखा फवारा, आणि कपाटाच्या पाठीवरून ओघळणारं पाणी केबलपासून चार बोटांवर आलेलं. वायरमन मला म्हणाला, "साहेब, आणखी तासभर गेला असता ना..."

बाहेर अध्यक्षांनी तिला विचारलं, तुझे मार्गदर्शक कोण? तिने माझ्याकडे बोट केलं. "यांनी काठी दिली." खोटं नव्हतं, खरंही किती थोडं होतं! सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं. शिकवायला गेलो होतो मी, आणि त्या काडीएवढ्या पोरीकडे मी असा आ वासून बघत होतो, जसा लहानपणी पहिल्यांदा धरण बघताना उभा होतो. तिला भीती नव्हती असं नाही. स्टेजवरून उतरून तिने काठी माझ्या हातात दिली तेव्हा तिची मुठीची जागा घामाने ओली होती. तरी ती गेली.

परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बारीक भोकाचा आवाज बारीक असतो, आणि बारीक आवाज माझ्या उजव्या कानाला सहा-सात वर्षांपासून ऐकूच येत नाही म्हणे. म्हणजे सहा-सात वर्षं मी ठामपणे "कोरडं आहे" सांगत आलो. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी वरिष्ठांपुढे जाऊन सगळं कबूल केलं आणि मी कोरड्या ठरवलेल्या जागांची यादी दिली. बढती बहुतेक लांबली. त्या जागा आता यंत्राने तपासताहेत. पहिल्या चाळीसांत नऊ गळत्या निघाल्या. परवा त्यातल्या एका गल्लीत एका बाईंनी सांगितलं, दोन वर्षांनी वरच्या मजल्यावर पाणी चढलं. त्या माझे आभार मानत होत्या, आत्या!

असो. जिना जपून चढ. हिचा तुला नमस्कार.

तुझा लाडका (असं तू एकदाच म्हणाली होतीस, पण मी लक्षात ठेवलंय) भाचा

ता. क. – तारेला अभ्यासाचा प्रकल्प मिळालाय, सहा महिन्यांचा, आणि तो नेमका तुझ्याच गावच्या पाणीखात्यात. तुझी मागची खोली रिकामी आहे. तुला सोबत नकोय हे मला पाठ आहे. आधीच्या दोघींना तू कसं पळवून लावलंस तेही ठाऊक आहे. पण ही सोबत म्हणून येत नाही, ही बोलतच नाही. फक्त तू जिन्यात पडलीस तर तिला ऐकू येईल. मला इथून येणार नाही.

ता. क. २ – हे खरं म्हणजे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही, तिच्याच हाती दिलंय. तू हे दारात उभी राहून वाचत असशील तर ती समोरच बॅग घेऊन उभी आहे, आणि ती स्वतःहून काही म्हणायची नाही. आधी तिला आत घे, पाणी दे, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या फोनवर दे. डाव्या कानाने ऐकेन.