एकेचाळीस रिकामी घरं

३ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. माझी नवी रचना ऑर्केस्ट्राने घेतली आणि कंडक्टर म्हणून समोर मीच उभी राहणार. आता फजिती ऐका. पहिल्या तालमीत मी सगळ्यांना हाताने खूण दिली, फक्त डबल बासवाल्या तिघांना, त्या माणसाहून उंच व्हायोलिनांमागे उभ्या असलेल्यांना, द्यायची विसरले. बिचारे गज उचलून पुतळ्यासारखे उभे! इतकी वर्षं मीच त्या कोपऱ्यात वाजवत आले, त्यामुळे तिथे काही सांगावं लागतं हे डोक्यातच येत नाही.

खरा घोळ मधल्या भागात आहे. तिथे बासचा एकट्याचा तुकडा आहे. तो मीच वाजवायचा आणि ऑर्केस्ट्राही मीच सांभाळायचा, असा माझा शहाणा बेत. मंगळवारी बास आणि गज धरून वाट बघण्यात माझे दोन्ही हात गुंतले, तसे बासरीवाले पुढे पळाले, कर्णेवाले मागे राहिले आणि मानेने खुणा करता करता माझी मान आखडली. व्यवस्थापकबाईंनी बजावलंय की वीस तारखेच्या तालमीला बासवर दुसरं कोणी आणा, नाहीतर मधला भाग गाळा. तो गाळला तर उरतं काय? आणि त्या तिघांपैकी कोणाला द्यायला माझं मन होत नाही.

मला बास शिकवला तुम्ही. छत्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलंत. तुम्ही याल का? बासच्या सुरांचा कागद सोबत पाठवते. काकूला नमस्कार.

तुमची, वाद्याहून दोन विती बुटकी,
मुंगी

८ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

बातमी वाचून ऊर भरून आला. काकूचं शेजारीपाजारी सांगूनही झालं. त्या तिघा बासवाल्यांची माझ्या वतीने माफी माग. आमच्याकडे कोणी बघत नाही हे दुखणं जुनंच आहे.

पण मी येणार नाही. माझा बास दोन वर्षं कोपऱ्यात आहे, काकू त्यावर शाल वाळत घालते. आणि खरं सांगू? तुझा कागद वाचून मला राग आला. एकेचाळीस रिकामी घरं, म्हणजे तालाची एकेचाळीस आवर्तनं, गप्प उभं राहायचं, मग सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि त्या शांततेत खर्जातला एकच सूर. माझ्या शेवटच्या कार्यक्रमात हेच झालं होतं. बेचाळीस घरं मोजायची होती. मी एकेचाळीसच मोजली आणि सगळे थांबलेले असताना एकटाच वाजलो. अख्खं सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. तेव्हापासून माझा स्वतःच्या मोजण्यावर भरवसा नाही. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा दोनदा मोजतो.

वाजवून झालं की कागदाच्या कडेला पुढच्या वादकासाठी पेन्सिलीने दोन शब्द लिहायची आपली रीत. त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. तीच चूक तू मला पुन्हा वाजवायला सांगतेस? दुसऱ्या कोणी ही चेष्टा केली असती तर सोडून दिली असती. तुझी मात्र लागली.

मान शेकत जा. राग असला तरी माया आहेच.

काका

१२ मार्च

ती. काकांना,
सा. न. आणि कान पकडून वि. वि.

चुकलेच. एक अक्षर न सांगता नुसता कागद पाठवला. समोर बसून सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

त्या दिवशी मी प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत होते. लोक हसले हे खरं. पण हसण्याआधी एक श्वासभर कोणीच हललं नव्हतं आणि तुमचा तो सूर जमिनीतून माझ्या पायांपर्यंत आला होता. त्या संध्याकाळचं बाकी काही मला आठवत नाही. दोन वर्षं मी तेवढंच लिहायला धडपडतेय. आधी तो सूर लिहिला, मग त्याच्या मागचं-पुढचं सगळं. काका, माझ्या लेखी ती चूक नाहीच.

आणि तुम्ही काही मोजायचं नाही. एकेचाळीस हा आकडा खोडून टाका. तिथे पोचलो की मी हात खाली घेईन. तुम्ही वाजवेपर्यंत कोणी हलणार नाही, मग कितीही वेळ लागो. तुम्ही आला नाहीत तर मी तो भाग गाळीन, दुसऱ्या कोणाला देणार नाही.

रागवा, पण उत्तर द्या.

मुंगी

१६ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

हे पत्र काकांच्या नकळत लिहिते आहे. परवा माझी शाल बासवरून उचलून खुर्चीवर आली. काल नव्या तारा आल्या. आज सकाळपासून एकच सूर चाललाय, घूंऽऽ करून, आणि मध्येच बराच वेळ चिडीचूप. कपाटातल्या बश्या थरथरतात. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई विचारून गेल्या की पंप बिघडलाय का. मी हो म्हटलं.

येणार का म्हणून विचारलं, तर साफ नाही म्हणाले. आणि पाच मिनिटांनी काळा कोट कुठे आहे म्हणून मलाच विचारलं. कोट पोटावर बसत नाही, बटण सरकवून देते आहे. तू तुझं जेवणखाण सांभाळ.

तुझी काकू

५ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचलो. बासला गाडीत पुढची जागा मिळाली, काकू मागे बसली आणि वाटभर ते ऐकवत होती.

कार्यक्रमानंतर गर्दीत बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू हात खाली घेतलास आणि मी, सवयीचा गुलाम, मोजू लागलो. सातपर्यंत मोजलं आणि पुढचा आकडाच आठवेना. कोणीतरी खोकलं. व्हायोलिनवाली माझ्याकडे बघायला लागली. मग मी तुझ्याकडे बघितलं. तुझा हात खालीच होता आणि तुला कसलीही घाई नव्हती. लहानपणी तुझ्या बोटांना सूर सापडेपर्यंत मी थांबायचो, तशी तू उभी होतीस. मोजायचं राहिलं ते राहिलंच. गज कधी टेकवला मला कळलं नाही. कोणी हसलं नाही, मुंगे. त्या शांततेत मला काकूच्या नाक ओढण्याचा आवाज ओळखू आला.

तुझी रचना दुसऱ्या ऑर्केस्ट्राने मागितली आहे आणि तिथेही समोर तूच उभी राहणार म्हणालीस. तिथला बासवाला कोण, कसा, मला ठाऊक नाही. म्हणून कागद परत पाठवतो. कडेला पेन्सिलीने त्याच्यासाठी लिहिलंय, ते पुसू नकोस: इथे मोजू नये. ती थांबते.

असाच जीव लावत राहा.

काका