दादाची पित्ताची गोळी

तीर्थस्वरूप भास्करदादास नमस्कार,

हात थरथरतो म्हणून पोरांनी ज्यांना परस्पर म्हातारं ठरवलं, त्या आपणा दोघा भावंडांसाठी हे पत्र आहे.

भोपाळात मी ठणठणीत आहे. काल या थरथरीच्या तपासणीला गेले होते. हालचाल ताब्यात ठेवणारं डोपामाइन झेलणाऱ्या मेंदूतल्या जागा किती काम करतात, ते आता जिवंतपणीच मोजतात. शिरेत औषध टोचून घ्यायचं आणि डोकं यंत्रात ठेवून गप्प पडायचं. जुई म्हणाली, "आई, आत भाषण ठोकू नकोस, फोटो हलेल!"

टोचण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोई दवा लेती हैं?"

"बस, एसिडिटी की गोली. नागपुर से भाई भेजते हैं."

मी पिशवीतलं पाकीट दाखवलं. त्यावरचं नाव वाचून त्यांनी सुई खाली ठेवली. त्या गोळीतलं एक औषध नेमक्या त्याच जागा अडवून बसतं. मोजमाप खोटं आलं असतं. शिवाय हातही तिच्यामुळेच थरथरत असेल, म्हणाल्या.

एकाला लिहून दिलेली गोळी आपण घरभर वाटतो आणि त्याला माया म्हणतो! वहिनीही घेते का रे?

तुझा हात माझ्या आधीपासून हलतोय. तेव्हा उद्यावर ढकलू नकोस. तुझ्याकडचं गोळ्यांचं पाकीट खिशात घाल आणि आजच डॉक्टरांना दाखव.

तुझी,
मालू